पाळीच्या गोळ्या आणि रक्ताच्या गुठळ्या : डॉक्टरांना काय सांगायचे आणि काय विचारायचे?

निंबोणी :

माझी मुलगी २१ वर्षांची आहे आणि पुण्यात वसतिगृहात राहून शिकते. गेली दोन वर्षे तिची पाळी दीड-दोन महिन्यांनी येते, हनुवटीवर मोठाले फोड उठतात आणि सोनोग्राफीत पीसीओडी, म्हणजे पाळी अनियमित करणारा अंडाशयाचा विकार, असल्याचे निघाले आहे. मागच्या आठवड्यात तिथल्या डॉक्टरबाईंनी तिला सहा महिन्यांसाठी गोळ्या लिहून दिल्या. पाकिटावर ड्रॉस्पिरेनोन ३ मिलिग्रॅम आणि एथिनिल इस्ट्रॅडिओल ०.०३ मिलिग्रॅम असे छापलेले आहे. शनिवारी ती घरी आली तेव्हा पाकिटातला घडीचा कागद मी उलगडायला घेतला, तर त्याने निम्मे जेवणाचे टेबल व्यापले. अक्षर इतके बारीक की पोथीसाठी ठेवलेले भिंग आणावे लागले. त्या कागदात रक्तवाहिनीत गुठळी होण्याचा उल्लेख एकदा नव्हे, चार ठिकाणी आहे.

मुलीचे म्हणणे असे की तापाच्या गोळीच्या कागदावरही जगातले सगळे आजार लिहिलेले असतात. सासूबाईंचे म्हणणे असे की लग्नाआधी या गोळ्या हव्यातच कशाला. मला या दोन्हींपैकी काहीच नको आहे. "काही होत नाही हो" हे उत्तर मला पुरणार नाही आणि "अजिबात देऊ नका" हेही पुरणार नाही. गोळीचा आणि गुठळीचा संबंध नेमका कसा येतो, तो कितपत मोठा आहे, आणि पुढच्या भेटीत आम्ही डॉक्टरबाईंना काय सांगायला हवे, हे कोणी समजावून सांगितल्यास मी आभारी राहीन. आमच्या दोन्ही घराण्यांत असा त्रास कोणाला झाल्याचे मला आठवत नाही. मुलीचे वजन ५८ किलो आहे आणि रक्तदाब मोजलेला नाही.

उत्तररात्र :

निंबोणीताई, मी औषधशास्त्र शिकवण्यात नोकरी संपवली. रुग्ण तपासणे हे माझे काम नव्हते, त्यामुळे तुमच्या मुलीने गोळी घ्यावी की नाही हे मी सांगणार नाही. पण संबंध कसा येतो ते सांगू शकेन.

ही मुळात गर्भनिरोधक गोळी आहे. तिच्यात दोन संप्रेरके असतात म्हणून तिला संयुक्त गोळी म्हणतात, आणि गुठळीच्या बाबतीत मुख्य आरोपी आहे इस्ट्रोजेन. शरीरात तयार होणारे इस्ट्रॅडिओल हे इस्ट्रोजेन तोंडावाटे दिले तर यकृतातून पहिल्याच फेरीत त्याचा बहुतेक भाग मोडला जातो. १९३८ मध्ये बर्लिनच्या शेरिंग कंपनीतल्या इनहोफेन आणि होल्वेग यांनी त्या रेणूला एथिनिल गट जोडला, आणि यकृताला तो सहजी मोडता येईना. म्हणून तर आज ०.०३ मिलिग्रॅम, म्हणजे ३० मायक्रोग्रॅम, एवढ्याशा मात्रेत काम भागते. परंतु जे यकृतात लवकर मोडत नाही ते यकृतावर अंमलही अधिक काळ गाजवते, आणि रक्त गोठवणारी बहुतेक प्रथिने तयार होतात ती यकृतातच. परिणामी फायब्रिनोजेन आणि दुसरा, सातवा, दहावा हे गोठणघटक वाढतात, तर गोठणे आवरणारी प्रथिने, विशेषतः प्रोटीन एस आणि अँटिथ्रॉम्बिन, कमी होतात. शिवाय सक्रिय प्रोटीन सी नावाची जी नैसर्गिक आवरशक्ती आहे तिला रक्त पूर्वीइतकी दाद देत नाही. यातला एकेक बदल किरकोळ असतो, पण सगळे एकाच दिशेचे असतात.

आता दुसरे संप्रेरक, म्हणजे प्रोजेस्टिन. तुमच्या मुलीच्या बाबतीत खरी मेख इथे आहे. लेव्होनॉर्जेस्ट्रेल हे जुने प्रोजेस्टिन थोडेसे पुरुषी संप्रेरकासारखे वागते आणि त्यामुळे यकृतावरचा इस्ट्रोजेनचा अंमल काही प्रमाणात बोथट करते. ड्रॉस्पिरेनोन किंवा सायप्रोटेरोन ही प्रोजेस्टिने पुरुषी संप्रेरकाच्या विरोधात काम करतात, म्हणून मुरुमांवर आणि चेहऱ्यावरच्या केसांवर ती दिली जातात. पण त्याच गुणामुळे ती इस्ट्रोजेनला मोकळे रान देतात. चेहरा नितळ करणारा गुण आणि गुठळीचा धोका वाढवणारा गुण एकच आहे, ही प्रचलित उपपत्ती मला स्वतःला पटते. केवळ प्रोजेस्टिन असलेल्या, इस्ट्रोजेनविरहित मिनीपिलमध्ये हा धोका लक्षणीय वाढत नाही.

गोळी एकटीने क्वचित गुठळी घडवते, तिला जोडीदार लागतो. फिर्खो या जर्मन विकृतिशास्त्रज्ञाच्या नावाने तीन कारणे सांगितली जातात : प्रवाह मंदावणे, वाहिनीच्या भिंतीला इजा होणे आणि रक्ताचा गुणधर्म बदलणे. गोळी यातले फक्त तिसरे पुरवते. पहिले पुरवतो चौदा तासांचा बसप्रवास, पायाचे प्लास्टर किंवा शस्त्रक्रियेनंतरचे अंथरूण. म्हणूनच दीर्घकाळ पडून राहावे लागेल अशी मोठी शस्त्रक्रिया ठरली असेल तर संयुक्त गोळी चार आठवडे आधी थांबवण्याचा सल्ला दिला जातो.

आणखी एक. धोका सर्वाधिक असतो तो पहिल्या वर्षात, त्यातही पहिल्या काही महिन्यांत. मध्येच महिनाभर खंड पडून पुन्हा गोळ्या सुरू केल्या तर तो वाढीव धोका नव्याने सुरू होतो. वसतिगृहातल्या मुली परीक्षेच्या काळात पाकीट विसरतात आणि नंतर पुन्हा चालू करतात. हे त्यांना कोणी सांगत नाही.

जाता जाता त्या कागदाविषयी. १९६० मध्ये अमेरिकेत गर्भनिरोधनासाठी मंजुरी मिळालेल्या एनोविड या गोळीत इस्ट्रोजेन १५० मायक्रोग्रॅम होते, म्हणजे वजनाने पाहता तुमच्या हातातल्या गोळीच्या पाचपट. १९६१ मध्ये इंग्लंडच्या सफोक परगण्यातील जॉर्डन नावाच्या एका साध्या डॉक्टरने लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाला पत्र लिहून आपल्या रुग्ण असलेल्या एका परिचारिकेची हकीकत कळवली : ही गोळी चालू असताना तिच्या फुप्फुसांत गुठळ्या झाल्या होत्या. पुढे ब्रिटिश अभ्यासांनी हा संबंध पक्का केला आणि १९६९ च्या अखेरीस तिथल्या औषधसुरक्षा समितीने ५० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक इस्ट्रोजेन देऊ नये असे सुचवले. त्यानंतर लगेच, जानेवारी १९७० मध्ये, अमेरिकी सिनेटमध्ये सिनेटर गेलॉर्ड नेल्सन यांच्या समितीपुढे सुनावणी भरली. गोळी घेणाऱ्या एकाही बाईला साक्षीला बोलावलेले नव्हते, म्हणून स्त्री-आरोग्य कार्यकर्त्या अ‍ॅलिस वुल्फसन आणि त्यांच्या सहकारी महिलांनी प्रेक्षागृहातून उभे राहून प्रश्न विचारले. त्याच वर्षी गोळीच्या प्रत्येक पाकिटात धोक्याची माहिती देणारा कागद घालणे तिथे सक्तीचे झाले. तेव्हा भिंग लावून तो वाचलात, हे फार चांगले केलेत.

दशांश :

उत्तररात्र यांनी कारण सांगितले, मी आकड्यांची बाजू मांडतो.

युरोपीय औषधसंस्थेने २०१३ मध्ये केलेल्या फेरआढाव्यातले आकडे असे आहेत. गोळी न घेणाऱ्या आणि गरोदर नसलेल्या १०,००० स्त्रियांमध्ये वर्षभरात सुमारे २ जणींना शिरेतली गुठळी होते. लेव्होनॉर्जेस्ट्रेल, नॉरएथिस्टेरॉन किंवा नॉरजेस्टिमेट असलेली संयुक्त गोळी घेणाऱ्या १०,००० जणींत ५ ते ७, आणि ड्रॉस्पिरेनोन, जेस्टोडीन किंवा डेसोजेस्ट्रेल असलेली गोळी घेणाऱ्यांत ९ ते १२. अशा गुठळ्यांपैकी शेकडा १ ते २ जीवघेण्या ठरतात.

हेच आकडे दोन प्रकारे सांगता येतात. "धोका पाचपट होतो" असे म्हटले तर पोटात गोळा येतो. "१०,००० पैकी ९,९८८ जणींना वर्षभरात काहीही होत नाही" असे म्हटले तर काळजी मिटते. दोन्ही विधाने खरी आहेत आणि दोन्ही एकेकटी फसवी आहेत. ऑक्टोबर १९९५ मध्ये ब्रिटनच्या औषधसुरक्षा समितीने डॉक्टरांना पत्र धाडून कळवले की तिसऱ्या पिढीच्या, म्हणजे डेसोजेस्ट्रेल किंवा जेस्टोडीन असलेल्या, गोळ्यांमुळे गुठळीचा धोका दुप्पट होतो. वर्तमानपत्रांनी "दुप्पट" हा शब्द उचलला. प्रत्यक्षात तो ७,००० मध्ये १ वरून ७,००० मध्ये २ असा झाला होता. हजारो स्त्रियांनी अर्धे पाकीट टाकून दिले, आणि पुढल्या वर्षी इंग्लंड-वेल्समध्ये गर्भपातांची संख्या सुमारे १३,००० ने वाढली. गरोदरपण आणि बाळंतपण यांत गुठळीचा धोका गोळीपेक्षा जास्त असतो, ही बाब त्या गदारोळात मागे पडली.

मात्र ताई, ही तुलना तुमच्या मुलीला सरळ लागू पडत नाही. गर्भधारणा टाळण्यासाठी गोळी घेणारीच्या तराजूत दुसऱ्या पारड्यात गरोदरपण असते. मुरुमांसाठी गोळी घेणारीच्या दुसऱ्या पारड्यात मुरुमेच असतात.

काउंटरमागून :

मी तालुक्याच्या गावी मेडिकल चालवतो. या चर्चेत एका गोळीचा विषय अजून निघालेला नाही, आणि माझ्याकडे सर्वांत जास्त खपते तीच.

श्रावण सरत आला की बायका येतात. "दादा, गौरी बसायच्या आहेत, पाळी पुढे ढकलायची गोळी द्या." मग लग्नसराई, सत्यनारायण, तिरुपतीचे आरक्षण, आणि आषाढीच्या आधी वारीला निघणाऱ्या. बहुतेक वेळा बाई स्वतः येतही नाही. नवरा किंवा लहान भाऊ चिठोरे घेऊन येतो, त्यामुळे तिला काही विचारण्याची सोयच नसते. ही गोळी म्हणजे नॉरएथिस्टेरॉन ५ मिलिग्रॅम. पाळीच्या तारखेआधी तीन दिवस सुरू करायची आणि दिवसातून तीनदा घ्यायची, म्हणजे दिवसाला १५ मिलिग्रॅम झाले.

कित्येक वर्षे आम्ही असेच समजत होतो की यात इस्ट्रोजेन नाही, तेव्हा हिला गुठळीचे भय नाही. नंतर एका प्रशिक्षणात कळले की नॉरएथिस्टेरॉनचा थोडा अंश शरीरातच एथिनिल इस्ट्रॅडिओलमध्ये बदलतो. मिनीपिलमध्ये मात्रा एका मिलिग्रॅमच्याही आत असते म्हणून तिथे हा अंश नगण्य ठरतो, परंतु रोजचे १० ते २० मिलिग्रॅम पोटात गेले तर ते २० ते ३० मायक्रोग्रॅम एथिनिल इस्ट्रॅडिओलची संयुक्त गोळी घेतल्यासारखेच होते. म्हणजे जिला संयुक्त गोळी देऊ नये असे पुस्तकात लिहिले आहे, तिला हीही विचारपूर्वकच द्यायला हवी. अशा वेळी मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉनसारखा पर्याय डॉक्टर देऊ शकतात, कारण ते असे बदलत नाही.

तेव्हापासून मी फोन लावून द्यायला सांगतो आणि बाईला तीन गोष्टी विचारतो : पूर्वी पायात किंवा छातीत गुठळी झाली होती का, घरात कोणाला झाली होती का, आणि येत्या आठवड्यात लांबचा प्रवास आहे का. काही गिऱ्हाइके रागावून समोरच्या दुकानात जातात. जाऊ देत.

कोरांटी :

वरचा प्रतिसाद वाचून हात थरथरला. माझ्या धाकट्या बहिणीची हकीकत लिहिते. गावाचे आणि दवाखान्याचे नाव लिहीत नाही.

ती तेव्हा २६ वर्षांची होती. नागपूरला चुलतभावाचे लग्न होते, त्याआधी घरी देवकार्य, आणि लग्नानंतर पूजा. पाळी या सगळ्याच्या मधोमध येत होती म्हणून तिने हीच गोळी १६ दिवस घेतली. परतीचा प्रवास स्लीपर बसने रात्रभर केला. खाली उतरावे लागू नये म्हणून पाणीही घोटभरच प्यायली. घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी लग्नातले पैंजण काढायला बसली, तर उजव्या पायातले सहज निघाले आणि डाव्या पायातले घोट्यात रुतून बसले होते. आईने तेल लावून ते सोडवले. पोटरी दुखत होती, गरम लागत होती. सगळ्यांनी ठरवले की नाचली म्हणून दुखते आहे.

डॉक्टरांकडे नेले तेव्हा त्यांनी विचारले होते, "काही औषधे चालू आहेत का?" ती "नाही" म्हणाली. खोटे नाही बोलली हो. पाळीची गोळी हे औषध आहे असे आमच्या घरात कोणी समजतच नाही. स्नायू आखडल्याचे निदान झाले आणि मलम मिळाले. चौथ्या दिवशी पहिल्या मजल्यावर चढताना तिला धाप लागली, आणि श्वास आत घेताना बरगडीखाली टोचू लागले. दुसऱ्या डॉक्टरांनी टेबलावर बसवून दोन्ही पोटऱ्या एकाच उंचीवर टेपने मोजल्या. डावी साडेतीन सेंटिमीटरने जास्त भरली. त्यांनी विचारलेला पहिला प्रश्न होता, "पाळीसाठी काही घेतले होते का?" डॉपलरमध्ये, म्हणजे शिरांच्या सोनोग्राफीत, मांडीपर्यंत गुठळी दिसली, सीटीत फुप्फुसातही. रक्त पातळ ठेवणाऱ्या हेपॅरिनची इंजेक्शने आणि मग सहा महिने तशाच गोळ्या. आज ती बरी आहे, पण लांब उभे राहिले की डावा पाय अजूनही जड होतो.

उत्तररात्र :

कोरांटीताई, हे लिहिलेत याबद्दल मनापासून आभार. अशी गुठळी डाव्या पायात अधिक प्रमाणात आढळते, त्याचे कारण रचनेत आहे : डाव्या पायाकडून येणारी मोठी शीर ओटीपोटात उजव्या पायाकडे जाणाऱ्या धमनीच्या खालून जाते आणि तिथे ती दाबली जाते.

एक पुरवणी जोडतो. गुठळी पायातच होते असे नाही, मेंदूतल्या शिरांतही होऊ शकते. गोळ्या चालू असताना कधी नव्हे इतकी आणि दिवसागणिक वाढत जाणारी डोकेदुखी, उलट्या, अंधुक दिसणे किंवा झटका येणे, ही लक्षणे असतील तर थांबू नये. आपल्याकडे डोकेदुखी आणि उलटी एकत्र आली की "पित्त झाले आहे" म्हणून त्यात दोन-तीन दिवस जातात. ज्या मुलींना अर्धशिशीच्या आधी डोळ्यांपुढे नागमोडी चमक दिसते त्यांना इस्ट्रोजेनची गोळी देतच नाहीत, कारण त्यांच्यात मेंदूच्या धमनीतल्या गुठळीचा, म्हणजे पक्षाघाताचा, धोका वाढतो.

निंबोणीताई, तुम्ही लिहिले आहे की घराण्यात कोणाला त्रास झाल्याचे आठवत नाही. "गुठळी झाली होती का?" असे विचारले तर सगळे नाहीच म्हणतात. त्याऐवजी असे विचारून पाहा : कोणाला पोटावर इंजेक्शने घ्यावी लागली होती का, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या महिनोन्महिने चालू होत्या का, बाळंतपणात किंवा प्लास्टरमध्ये एकच पाय सुजला होता का, कोणी चाळिशीच्या आत अचानक धाप लागून गेले का.

पाणवठा :

मी नऊ वर्षे नेदरलँड्समध्ये लायडनला राहतो, आणि या विषयात आमच्या गावाचे नाव कायमचे चिकटलेले आहे म्हणून लिहितो. १९९३ मध्ये स्वीडनच्या डालबेक यांनी दाखवले की काही कुटुंबांचे रक्त सक्रिय प्रोटीन सी ला जन्मतःच दाद देत नाही. पुढल्याच वर्षी लायडनमधल्या बेर्टिना यांच्या गटाने त्यामागचा पाचव्या गोठणघटकातला जनुकीय बदल शोधला, आणि त्याला फॅक्टर व्ही लायडन असे नाव पडले. उत्तररात्र यांनी सांगितले की गोळी हीच आवरशक्ती दुबळी करते. तेव्हा ज्या मुलीत ती मुळातच दुबळी आहे तिने गोळी घेतली तर काय होईल, हा प्रश्न इथल्याच संशोधकांनी तपासला. दोन्ही गोष्टी नसलेल्या स्त्रीच्या तुलनेत दोन्ही असलेल्या स्त्रीचा धोका ३० पटींच्या आसपास निघाला. दोन धोक्यांची बेरीज होत नाही, गुणाकार होतो.

युरोपात हा बदल शंभरात साधारण ५ जणांत आढळतो, भारतीयांत तो बराच विरळ आहे. तरीसुद्धा इथेही गोळीआधी सरसकट ही तपासणी करत नाहीत, आणि जागतिक आरोग्य संघटनाही तशी शिफारस करत नाही, कारण हजारो मुली तपासाव्यात तेव्हा कुठे एखादीची गुठळी टळेल. तपासणीपेक्षा कुटुंबाची हकीकत विचारणे इथे महत्त्वाचे मानतात. माझ्या पत्नीला गोळी देताना फॅमिली डॉक्टरांनी रक्तदाब घेतला, अर्धशिशी, धूम्रपान आणि आई-वडील-भावंडांविषयी विचारले, आणि लेव्होनॉर्जेस्ट्रेल व ३० मायक्रोग्रॅम इस्ट्रोजेनची जुनीच गोळी दिली. इथे पहिली पसंती तिलाच असते.

सरळरेषा :

मी आरोग्य उपकेंद्रात एएनएम, म्हणजे परिचारिका, आहे. हा धागा वाचून चार जणी गोळ्या बंद करतील याची मला धास्ती वाटते, म्हणून थोडे स्पष्ट लिहिते.

पाणवठा यांच्या पत्नीला जी गोळी मिळाली तीच आमच्याकडे माला-एन म्हणून फुकट मिळते : लेव्होनॉर्जेस्ट्रेल ०.१५ मिलिग्रॅम आणि एथिनिल इस्ट्रॅडिओल ०.०३ मिलिग्रॅम, अशा २१ गोळ्या आणि ७ लोहाच्या. शहरात हिला कोणी विचारत नाही, कारण फुकटची वस्तू हलकी असणार असा समज. गुठळीच्या हिशेबात मात्र आशाताईंच्या पिशवीतले पाकीट दुकानातल्या कित्येक महागड्या पाकिटांपेक्षा बरे ठरते. मला यात गंमतही वाटते आणि थोडा रागही येतो.

नुकत्याच बाळंत झालेल्या बाईला मात्र आम्ही ती देत नाही. बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत गुठळीचा धोका सर्वांत जास्त असतो. अमेरिकी औषध प्रशासनाच्या आकड्यांनुसार वर्षाच्या हिशेबात १०,००० मागे ४० ते ६५. अंगावर पाजणारीला सहा महिने संयुक्त गोळी टाळतात. अशांसाठी तांबी आहे. लखनौच्या संशोधन संस्थेत शोधलेली छाया ही गोळीही आहे, तिच्यात इस्ट्रोजेन नाही. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि मग एकदा घ्यायची.

माझ्या कामात मी गुठळी झालेली एक बाई पाहिली आहे. लागोपाठच्या बाळंतपणांनी रक्त (हिमोग्लोबिन) पाच ग्रॅमवर आलेल्या किती पाहिल्या, याची मोजदाद ठेवलेली नाही.

चिमणपाखरू :

मोठ्या चर्चेत छोटा प्रश्न. असुरक्षित संबंधानंतर ७२ तासांत घ्यायच्या गोळीलाही हेच लागू होते का?

उत्तररात्र :

नाही. तिच्यात लेव्होनॉर्जेस्ट्रेल १.५ मिलिग्रॅम असते, इस्ट्रोजेन नसते, आणि ती एकदाच घ्यायची असते. तिच्यामुळे गुठळ्या वाढतात असे दिसून आलेले नाही.

निंबोणी :

दहा दिवसांनी लिहिते आहे, क्षमस्व.

उत्तररात्र यांचे प्रश्न मी रात्री जेवताना जसेच्या तसे यजमानांना वाचून दाखवले. "पोटावर इंजेक्शने" हे शब्द ऐकताच ते म्हणाले, "मला दिली होती की." २०१२ मध्ये, वयाच्या ३८ व्या वर्षी, त्यांचा मोटारसायकलचा अपघात झाला होता. नडगीचे हाड मोडले, प्लास्टर घातले, आणि तिसऱ्या आठवड्यात पाय इतका सुजला की प्लास्टर कापावे लागले. आमच्या घरात ती गोष्ट बारा-तेरा वर्षे "अपघात" म्हणूनच सांगितली जाते. कोणत्या वळणावर झाला, कोणी उचलले, गाडी कितीला विकली, हे सगळे पाठ आहे. दुसऱ्या दिवशी माळ्यावरची फाइल काढली. डिस्चार्ज कार्डावर तिसऱ्या ओळीत "डीप व्हेन थ्रॉम्बोसिस", म्हणजे खोलवरच्या शिरेतली गुठळी, असे स्वच्छ लिहिलेले होते.

ते कार्ड घेऊन आम्ही दोघी डॉक्टरबाईंकडे गेलो. त्यांनी ते दोनदा वाचले. प्लास्टरमुळे झालेली गुठळी ही आपोआप झालेल्या गुठळीइतकी वजनदार नसते, पण वडिलांना पन्नाशीच्या आत झालेली आहे म्हणून ती मोजायची, असे त्या म्हणाल्या. रक्तदाब घेतला, तो ११०/७० निघाला. मग मला पाच मिनिटे बाहेर बसायला सांगितले. आत त्यांनी काय विचारले ते मुलीने सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. शेवटी असे ठरले की सध्या इस्ट्रोजेनची गोळी नको; पाळीसाठी ठरावीक अंतराने दहा दिवस मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन, आणि फोडांसाठी त्वचारोगतज्ज्ञांकडून लावायचे औषध. मुलगी थोडी हिरमुसली आहे, कारण पहिल्या पाकिटानेच हनुवटी सुधारल्यासारखी तिला वाटत होती.

तिने त्या कार्डाचा फोटो काढून चुलतबहिणींच्या ग्रुपवर टाकला. काल धाकट्या जाऊबाईंच्या मुलीचा फोन आला होता. तिच्या मैत्रिणीचे लग्न आहे, हैदराबादला बसने जायचे आहे, आणि तारीख नेमकी मध्ये येते आहे. गोळी कोणती आणि किती मिलिग्रॅमची, असे मी तिला विचारले, तर म्हणाली, "काकू, थांबा, पाकीट बघून सांगते."